अडलं

सुमनताईंकडे आलेला लेख छापला जाण्याआधी एसटीने फिरून यायचा. ग्रंथालयात संगणकावर कामं कशी करावीत, हे मराठीत सांगणारं एक त्रैमासिक त्या घाटंजीहून काढत. कॉलेजच्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या तरी ते चालूच होतं. लेख आला की तो पर्समध्ये घालून त्या महागावला नाहीतर राजूरला एखाद्या वाचनालयात जायच्या, तिथल्या ग्रंथपालाला संगणकापुढे बसवायच्या आणि एकेक पायरी वाचून दाखवायच्या. तो थांबला की समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द पडायचा: ‘अडलं’. मग लेख परत.

एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा लेख असाच परत गेला, तेव्हा ते फोनवर चांगलेच चिडले. ताई म्हणाल्या, “सर, वाचून तं सारंच बरोबर वाटते. तुमी करून पाह्यलं का?”

मी नोकरी सांभाळून त्यांची मुद्रितं तपासायचो. ताईंच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला, प्रवास बंद झाला आणि दिवाळीनंतर लेकीकडे नागपूरला जायचं ठरलं. संपादकपदासाठी त्यांनी आधी मलाच विचारलं. मी मुलीची बारावी पुढे केली. खरं कारण भीती होती. लेख चुकलाय हे मला कळायचं, पण मोठ्या माणसाला तसं सांगायला जीभ रेटायची नाही. ताई हे ओळखून होत्या.

“तुले नाही जमत तं नको करू, सुधाकर. पण अंक बंद होनार नाही.”

पुढच्या अंकात ‘संपादक पाहिजे’ अशी अर्ध्या पानाची जाहिरात आली. ती मीच टंकली, आणि टंकताना मान वर करून ताईंकडे पाहू शकलो नाही.

दोघे जण भेटायला आले. ताईंनी दोघांच्याही हाती आपला शेवटचा लेख ठेवला. संगणक बिघडला तर पुस्तकांच्या नोंदी जपून ठेवलेल्या प्रतीवरून परत कशा आणाव्यात, असा विषय होता. दोघांनी स्वल्पविराम सुधारले आणि तोंडभरून कौतुक केलं. ताईंनी कळवते म्हणून निरोप दिला आणि तोच लेख मुद्रित तपासायला माझ्याकडे दिला.

हा एकच लेख एसटीने फिरला नव्हता. निदान तेवढं तरी करावं म्हणून मी महागाव गाठलं. वाचनालयात नवा संगणक आला होता. तिथले ग्रंथपाल गजाननराव समोर बसले, मी वाचत गेलो. नोंदी परत आल्या, पण पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसतेच चौकोन. जुन्या नोंदी ज्या मराठी फॉन्टमध्ये होत्या, तो आधी बसवायला हवा होता. ताईंच्या संगणकात तो वर्षानुवर्षं असल्यामुळे ती पायरी लिहायचीच राहिली होती.

“ताईनं लिहिलं म्हणजे बरोबरच असन,” गजाननराव ओशाळून म्हणाले. “आमचाच कम्प्युटर बिघडला असन.”

ते ऐकलं आणि मला गप्प राहता येईना. असेच किती जण आपलाच संगणक बिघडला म्हणून बसून राहिले असते.

संध्याकाळी मी लेख ताईंपुढे ठेवला. समासात मी लिहिलेला शब्द त्यांना दिसणार नव्हता, म्हणून तोंडाने सांगावा लागला.

“माह्या लेखाले अडलं म्हनतं?”

“हो ताई. अडलं.”

कुठे ते मी सांगितलं. त्या गाव सोडून निघाल्या असताना आपण त्यांचं मन मोडलं, असं वाटून मी उठायला लागलो.

“बस. ते दोघं वा वा करून गेले. मी का त्याईले पुरनपोळी वाढली होती? लेख देल्ला होता.” मग चाचपत टेबलावरची लाल पेन्सिल उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली. “आता बारावीचं नको सांगू. अभ्यास पोरगी करते.”

मी पेन्सिल घेतली.

ताई नागपूरला गेल्या. माझ्या पहिल्या अंकाची जुळवाजुळव चालू असताना त्यांचा सुधारलेला लेख आला, लेकीकडून लिहून घेतलेला. पाठोपाठ फोन. सगळ्या पायऱ्या लेकीला करायला लावल्या, कुठेही अडलं नाही, असं सांगून झालं. शेवटी म्हणाल्या, “तरी तू करून पाह्य.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी महागावला गेलो.