पारण्याची पावती

खाकऱ्यांची अर्धी चवड भाजून झाली होती, उरलेले ओल्या फडक्याखाली वाट बघत होते, आणि चंचळबा तवा तसाच टाकून पत्र्याच्या डब्यापाशी बसल्या होत्या. उद्याच्या संवत्सरीच्या प्रतिक्रमणासाठी तोंडापुढे धरायची मुहपत्ती काढायला गेल्या, तर तिच्या घडीतून देरासरच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पेढीची पावती निघाली.

"निरूपा, गॅस बंद कर. ही तारीख वाच."

सुनेनं वाचली. "वैशाख सुद त्रीज."

गेल्या पजूसणात, पर्युषण पर्वात, बांनी पारण्याची, म्हणजे बाळ महावीरांच्या पाळण्याची, बोली बोलली होती. बोली मोजायची ती तुपाच्या मणांत; मण चढत गेले, बा हटल्या नाहीत, आणि महावीरस्वामींचं पारणं वाजतगाजत त्यांच्या घरी आलं. एकवीस हजार! खंभातमध्ये बोललेला शब्द म्हणजे दिलेलंच दान. पेढी काही पैशांसाठी दारात उभी राहत नाही. दुकानाचं भाडं हाती आलं तेव्हा, वैशाखात, बांनी चेक दिला. पण जुलैमध्ये रिटर्न भरताना करसल्लागार वीरेशभाईंपुढे ठेवली ती बोलीची चिठ्ठी. आणि ते वर्ष तर मार्चअखेरच संपलेलं.

"म्हणजे तोवर न दिलेल्या दानावर मी सूट घेतली," बा म्हणाल्या. "रिफंडही खाऊन बसले."

"अहो बा, नंतर दिलंतच की! पुढच्या रिटर्नमध्ये दाखवू."

"पुढचं पुढे. उद्या चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जीवांची क्षमा मागायची, आणि खोट्या कागदावर माझं नाव? जीभ उचलायची नाही माझी. चल, ऊठ."

भर दुपारी दोघींना दारात बघून वीरेशभाई चपापले. सगळं ऐकल्यावर हसायला लागले.

"बा, कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"मला लागला ना?"

"लोक नोटीस आली की येतात माझ्याकडे, रडत रडत."

"मी न रडता आले, तर तुला करमेना होय? काढ तुझं यंत्र. आणि चिठ्ठीला पावती समजलास तू, तेव्हा पाप निम्मं निम्मं."

वीरेशभाईंचं हसू मिशीतच राहिलं. डिसेंबरपर्यंत दुरुस्तीला मुभा होती. त्यांनी जुन्या रिटर्नचा क्रमांक घातला, दानाच्या रकान्यात शून्य केलं. फरकाचा कर, व्याज धरून दोन हजार दोनशेच्या वर, बांच्या खात्यातून गेला. मग बांच्या फोनवर सहा आकडे आले. चष्मा सावरून बा एकेक आकडा सांगू लागल्या, नवकार मंत्र म्हणताना जसा दम घेतात तसा मध्ये दम घेत. निरूपाच्या अंगावर काटा उभा राहिला. महिना महिना उपास करणारे तिनं पाहिले होते, त्यांच्या मिरवणुकीत ती नाचलीही होती. इथे ना ढोल, ना बँडबाजा. पंख्याची घरघर, आणि डोंगराएवढ्या पापांच्या जगात मोहरीएवढं स्वतःचं शोधून काढणारी ही सहा दशकं खाकरे लाटलेली बाई! हिच्याच हाताखाली आपण रोज कणीक मळतो?

वीरेशभाई खुर्चीतून उठले, त्यांनी संवत्सरीला मागतात तशी क्षमा मागत हात जोडले. "बा, मिच्छा मि दुक्कडम्."

"उद्या म्हण, दिवस चुकवू नकोस," बा म्हणाल्या. पण त्यांचेही हात जुळले होते.

बाहेर ऊन तसंच होतं. बांनी पदर डोक्यावर घेतला.

"चक्कीवरून दळण घ्यायचंय, निरूपा. पिशवी आणलीस ना?"