अकरा वन्स मोअर

चार माणसं दर रविवारी सकाळी एकत्र बसून जुन्या संगीत नाटकांचा इतिहास लिहायला लागली, की इतिहास राहतो बाजूला आणि किस्सेच साठत जातात. ऐंशीच्या दशकात आमच्या वाशीच्या मंडळाने आठ वर्षं खपून एकच पुस्तक काढलं. किस्से मात्र अजून पुरतायत!

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. पुस्तक लिहिणारे आप्पा खेर्डेकर, रिटायर्ड हेडमास्तर. शाळेत गाणं शिकवणाऱ्या तांबेबाई. रबाळ्याच्या फॅक्टरीत नोकरी करणारा आणि फावल्या वेळात तबला वाजवणारा कांबळे. आणि बेलापूरच्या ऑफिसातला टायपिस्ट, म्हणजे मी.

आप्पांचे नियम दोन. पुराव्याशिवाय एक ओळ छापायची नाही. आणि गाणं ऐकून वाहवा करायची नाही, कारण इतिहासकाराने कुणाची बाजू घ्यायची नसते! तांबेबाई कितीही जीव तोडून गायल्या तरी आप्पा एवढंच म्हणायचे, "नोंद घेतली."

*

एकदा एका जुन्या रेकॉर्डवरची तान कुठल्या सुरावर संपते यावर आप्पा आणि तांबेबाईंची जुंपली. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं. असं तासभर चाललं.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे शेजारी, हातात स्क्रू ड्रायव्हर! "काका, मशीन अडकलंय ना तुमचं? द्या, दोन मिनिटांत करून देतो."

आप्पा म्हणाले, "मशीन ठीक आहे हो. आम्ही अडकलोय."

*

सोसायटीच्या गणपतीत आप्पांचं भाषण ठेवलं होतं. विषय, 'नाटकाआधीची नांदी'. आप्पा नांदीवर सव्वा तास बोलले. लोक सतरंज्या घेऊन आलेले, पोरं पेंगलेली.

शेवटी चेअरमन आभार मानायला उठले. "नांदी एकदम मस्त झाली. आता पाच मिनिटांचा ब्रेक, मग नाटक सुरू करू!"

तांबेबाईंनी ऐनवेळी दोन पदं म्हटली, म्हणून अब्रू वाचली.

*

आता मुख्य गोष्ट. आप्पांच्या पुस्तकाचा जीव होता सातव्या प्रकरणात. आप्पा नऊ वर्षांचे असताना पनवेलला एका नाटक मंडळीचा प्रयोग झाला. तिसऱ्या अंकातल्या एका पदाला त्या दिवशी अकरा वन्स मोअर मिळाले. वडिलांच्या मांडीवर बसून आप्पांनी ते ऐकलं. वडील कानात म्हणाले होते, "ऐकून ठेव. असं परत मिळायचं नाही." त्याच वर्षी वडील गेले.

कांबळे नियमाला पक्का. "आप्पा, अकराला पुरावा?"

आप्पांनी एका प्रोफेसरांचं पुस्तक पुढे केलं. त्यात आधार म्हणून एक लेख दिलेला. कांबळेने लायब्ररीतून तो लेख शोधून काढला. त्यात तळाशी होतं, 'ही माहिती वाशीच्या एका जाणकार गृहस्थांकडून मिळाली.'

ते गृहस्थ म्हणजे आप्पाच!

आम्ही हसून लोळलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी प्रेसला कळवलं, सातवं प्रकरण थांबवा. मला फार वाईट वाटलं. वडिलांची तेवढी एकच ठळक आठवण त्यांच्यापाशी होती.

*

तीन आठवड्यांनी कांबळे धापा टाकत आला. त्याच्या फॅक्टरीतल्या एकाचे आजोबा, जोमा नाखवा, करावे गावात राहतात. तरुणपणी त्याच मंडळीत पडदा ओढायचे, आणि पनवेलच्या प्रयोगाला हजर होते!

आम्ही चौघं करावेला गेलो. नाखवा ओटीवर जाळं विणत बसले होते. आप्पांनी वही उघडली.

"नाखवा, त्या पदाला वन्स मोअर किती झाले?"

"अकरा," नाखवा लगेच म्हणाले.

आप्पांनी डोळे मिटले. कांबळेने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

"मोजनारच ना," नाखवा पुढे म्हणाले. "पयला मीच दिला, पडद्याच्या आरून. राणीचं काम करनारा तापानं परला व्हता. मंग सेनापतीलाच लुगरा नेसवला. पन त्याची मिशी खरी! आत न्हावी भादरतोय, भायेर गानं संपत आलेला. काय करू? वराडलो, वन्स मोअर! मंग पब्लिकनी धरला. अकरावा बी माझाच. तवर मिशीची दुसरी बाजू बी भादरून झाली."

तांबेबाई हळूच म्हणाल्या, "आप्पा, प्रकरण काढून टाकायचं का?"

आप्पांनी वही मिटली. "नाखवा, ते पद येतं तुम्हाला?"

"रोज ऐकलेला हाय. येनार नाय तं काय!"

नाखवा जाळं मांडीवर ठेवून गायला लागले. आवाज फाटका, दम अपुरा, पण सूर जागच्या जागी. कांबळेने ओटीच्या फळीवर ठेका धरला. पद संपलं. तांबेबाई डोळे पुसत होत्या. आम्ही 'नोंद घेतली'ची वाट बघत होतो.

आणि आप्पा, आमचे आप्पा, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "वन्स मोअर!"

*

पुस्तकात सातवं प्रकरण आहे. त्यात लिहिलंय, 'या पदास एकूण बारा वन्स मोअर मिळाले.'

खाली बारीक टाइपात तळटीप आहे : 'पहिला व अकरावा श्री. जोमा नाखवा यांचा. बारावा प्रस्तुत लेखकाचा.'