आकडा वाचायचा तिनेच

बातमी आली त्या दिवशी मी वुडलँड्समधल्या एका बेकरीच्या स्विचरूममध्ये होतो. नवा ओव्हन कोणत्या फेजवर टाकायचा, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. कागदावर तीन रकाने होते, दोन भरलेले.

मग लोक समाचाराला आले, आणि जो तो माझ्या बायकोचा, सुनंदाचा, एखादा किस्सा सोफ्यावर ठेवून गेला. आता घरात बसायला जागा नाही!

सुनंदा आणि मी एकाच कंपनीत. काम वीज मोजायचं. मीटर मी जोडायचे, आकडे तिने वाचायचे. कारण मी आकडे गोल करतो, असं तिचं मत!

*

आमचं पहिलंच काम एका पंपाचं. तीन तारा, दोन वॅटमीटर. एका मीटरचा आकडा उणे आला. मी घाईघाईने वायरी उलटवून तो अधिक केला. खरं तर या पद्धतीत एखादा उणे येऊ शकतो. तो दुसऱ्या आकड्यातून वजा करायचा असतो.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "उणे आलं तर उणे लिही. आपण मीटरला खूश करायला आलोय का?"

*

हौगांगच्या एका फूड कोर्टात आमचा टेक्निशियन रहीम दोनच मीटर जोडून मोकळा झाला. तिथे तारा चार, आणि प्रत्येक फेजवर भार वेगळा, म्हणजे मीटर तीन लागतात.

"रहीम, ही चौथी तार शोभेला आहे का?" सुनंदाने विचारलं.

"मॅडम, ऑफिसने दोनच दिले, लाह!" इथल्या बोलीतला 'लाह' त्याच्या प्रत्येक वाक्याला चिकटलेला.

बाई MRT ने, म्हणजे इथल्या मेट्रोने, ऑफिसला गेल्या आणि भाजीच्या पिशवीतून तिसरा मीटर घेऊन आल्या. रहीम परवा घरी आला होता. म्हणाला, "चार तारा दिसल्या की मी अजून मागे वळून बघतो."

*

मरीन परेडच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती. मोदकांचे सगळे स्टीमर एकाच फेजवर! आरतीच्या मध्यात अर्धा हॉल अंधारात. सेक्रेटरी धावत आले, "वहिनी, आरती थांबवू?"

"आरती चालू द्या. मोदक दुसऱ्या फेजवर हलवा!"

*

घरकामाचा भारही तिने तिघांत वाटला: रेड फेज ती, यलो मी, ब्लू आमचा निहार. निहार म्हणाला, "आई, आय ॲम न्यूट्रल, लाह!"

"न्यूट्रल? छान! ती चौथी तार फेजमधला न जुळलेला भार वाहते. मग आमच्या वाटणीत जे जुळणार नाही, ते सगळं तुझ्याकडे."

त्या दिवसापासून भांडी त्याच्याकडे आहेत.

*

बेकरीच्या सकाळी ती हॉस्पिटलमध्ये होती. तरी आकडे तीच वाचणार! व्हिडिओ कॉलवर मी फोन मीटरसमोर धरला. पहिला तिने वाचला. दुसरा उणे आला. मी इमानदारीत उणे लिहायला लागलो.

"अरे, थांब! इथे तीन मीटर आहेत, एकेका फेजला एकेक. बेकरी काय वीज परत देतेय? तारेभोवतीचा क्लॅम्प उलटा लावलायस!"

"तूच म्हणाली होतीस, उणे आलं तर—"

"बावीस वर्षांत एकदा ऐकलंस, तेही नको तिथे!"

ती इतकी हसली की नर्स आत आली. सुनंदा म्हणाली, "डॉक्टर आलेत. तिसऱ्याला हात लावू नकोस, गोल करशील. दुपारी मी वाचते."

दुपारी फोन आला तो हॉस्पिटलचा.

बेकरीवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. रहीम म्हणतो, मी वाचून येतो. तिसरा रकाना अजून भरलेला नाही.