पूर्वेची खिडकी

काल शेजारच्या घरात मिस्त्रीनं एक जुनी खिडकी विटांनी बुजवली. ओल्या सिमेंटचा वास आला आणि मी नऊ वर्षांची होऊन झाशीतल्या खंडेराव गेटच्या आमच्या घरात उभी राहिले.

माझे वडील, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवायचे. खिडकीशी बसून सांगायचे, “वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. आणि गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. घर खिडकीतून बघतं, पोरी.”

आमच्या घराचा तो डोळा गल्लीपलीकडच्या नव्या सुनेच्या खोलीकडे होता. तिकडून रोज भांडी आपटल्याचा आवाज यायचा, मग रडण्याचा. एकदा तिनं गजांतून हात काढून मला खुणावलं. मनगट काळंनिळं पडलं होतं. मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आला.

“पंडितजी, ऊपर रोशनदान छोड़ दें?”

“नहीं भैया, पूरी बंद करो. लू आती है.”

शेवटच्या विटेएवढ्या फटीतून मला ती दिसली. रडत नव्हती. आमची भिंत पुरी होताना बघत होती.

मला तेव्हा लू, ती उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची झळ, खरी वाटली. झाशीत लू पश्चिमेकडून येते आणि ती खिडकी पूर्वेला होती, हे कळायला किती वर्षं गेली!

महिन्याभरानं पोलीस चौकशीला आले. अण्णा दारातच हात जोडून म्हणाले, “हमें क्या मालूम, साहब? उस तरफ तो हमारी खिड़की ही नहीं है.”