मुठींसकट सात फूट

"आधी तो ग्राइंडर बंद करा!" मी दारातूनच ओरडलो.

मालाडच्या त्या फर्निचर शोरूममध्ये मला जुन्या करवती ओळखायला आणि मोजायला बोलावलं होतं. चाळीस वर्षं मी वखारींमधल्या करवतींचे दात नीट केले. मरोळला अजून माझं धार लावायचं दुकान आहे. टेबलावर दोन लांब करवती होत्या. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओंडका आडवा कापायच्या. एक चकचकीत, दुसरी गंजकी. गंजक्या करवतीवर टोकाजवळ खडूची रेघ मारली होती.

"काका, फ्रेममध्ये दोन्ही सेम साइझ हव्यात ना," इंटिरियर डिझायनर रिया म्हणाली. "म्हणून ही थोडी कापतोय."

मागे स्टोअरकीपर तांबे कसनुसा उभा होता. गंजकी करवत त्याच्या वडिलांची. उद्घाटनाला भिंतीवर लावायला जुनी अवजारं आणा, परत देऊ, असं शोरूमचे मालक शेठ स्टाफला म्हणाले होते.

"बाबा आणि माझा चुलता ओढायचे हो ही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सांगा ना शेठना काहीतरी."

तेवढ्यात शेठ आले. "ती चकचकीत माझ्या पणजोबांची. इंग्लंडची, सात फुटी. बोर्ड छापून आलाय. तुम्ही फक्त सर्टिफिकेट द्या."

न मोजता सर्टिफिकेट द्यायची मला सवय नाही. रियाने ती चकचकीत करवत मुठींसकट मोजली होती, तेही दातांच्या बाकदार कडेवरून टेप फिरवून. माणसाची उंची टोपीसकट मोजावी तसं. मी फक्त पातं मोजलं, टोकापासून टोकापर्यंत, सरळ. सहा फूट.

"बरं, सहा. पण जुनी तर आहे?"

मी मायक्रोमीटर लावला. जुन्या, चांगल्या करवतीचं पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ असतं, म्हणजे ती ओंडक्यात अडकत नाही. पणजोबांची करवत सगळीकडे सारखीच जाड. दातही एका रांगेत सरळ. खऱ्या करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेले असतात.

"शेठ, ही शोभेची आहे. हिने काकडी कापायला घेतलीत तर काकडी जिंकेल."

मग तांबेची करवत घेतली. पाठ पातळ. मधले भुसा ओढून काढणारे दात बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड. कोणीतरी वर्षानुवर्षं जीव लावून कानस चालवली होती. मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू.

शेठचा सूर लगेच बदलला. "मग हीच पणजोबांची म्हणू. तांबे, ही कंपनीकडेच राहू दे रे."

तांबेने खिशातून कागद काढला. स्टाफने उद्या नुकसानभरपाई मागू नये म्हणून वस्तू आत येतानाच तिचा बाहेर न्यायचा गेट पास करायचा, हा शेठचाच नियम. त्यावर लिहिलं होतं: 'तांबे यांची स्वतःची वस्तू. भंगार. मोडल्यास कंपनी जबाबदार नाही.' खाली शेठची सही.

"अरे, पण तेव्हा मला काय माहीत..."

"साहेब, सही तुमचीच आहे ना?"

एक मूठ तांबेने धरली, दुसरी मी. वॉचमनने पास बघून शिक्का मारला आणि आम्ही करवत बाहेर काढली.

सर्टिफिकेट मी दिलं: 'शोभेची वस्तू, लांबी सहा फूट.' ते त्यांनी लावलं नाही. भिंतीवर अजून सात फुटांचा बोर्ड आहे.

आधी मोजावं, मग पणजोबा ठरवावेत.