पेटी मीच लावून आणली

पांढुर्ण्याच्या एका पेटीवादक रचनाकारावर मी आजवर तीन लेख लिहिले. तिन्हींत एक वाक्य आहे: ‘त्यांच्या निधनानंतर त्यांची पेटी अभ्यासासाठी उपलब्ध होऊ शकली नाही.’ वाक्य खोटं नाही, पण लबाड आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी सौंसरच्या शाळेत संगीत शिकवायचो, नागपूरला प्रबंधासाठी नाव नोंदवलं होतं. ते पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. भीमजयंतीला वस्तीच्या गायनपार्टीत पेटीवर बसायचे, पण ती पार्टीची पेटी. घरची वेगळी होती. तिच्यात प्रत्येक पट्टीला दोन रीड, म्हणजे सुराच्या पितळी पात्या. त्यातली एक त्यांनी कानशीनं घासून दुसरीपासून केसभर सरकवली होती. दोन्ही एकदम वाजल्या की सुरात लाट उठायची. कोणत्या पट्टीची लाट संथ, कोणत्या पट्टीची घाईची, हे त्यांनी ठरवून ठेवलेलं. शब्द नाहीत, चाल नाही. एक पट्टी धरायची, लाटा मोजायच्या, मग तिच्यात दुसरी मिसळायची. दोन्ही लाटा जिथं गाठ घेतील ती सम. सरकी काढणारी शेजारशेजारची दोन जिन-यंत्रं कधीच एका वेगानं चालत नाहीत, तिथून हे त्यांना सापडलं होतं.

“तबल्याचं काय काम हाय सर? सूरच ठोका देऊन राहिला,” ते म्हणायचे.

त्यांचं एकच मागणं होतं. कोणती रीड किती सरकवली हे मी कागदावर उतरवावं. रविवारच्या बसनं मी जायचो, ऐकायचो, जेवायचो. कागद मात्र परीक्षेनंतर, मग दिवाळीनंतर.

एकदा माझ्या मार्गदर्शकांना मी मुद्दाम तिथं नेलं. पाच मिनिटं ऐकून ते हसले. “फिटरसाहेब, जिन दुरुस्त करता, मग पेटी का नाही?” फिटरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पेटी मुद्दाम तशी लावली आहे, हे मला ठाऊक होतं. मी चहात पाहत बसलो. प्रबंध मार्गदर्शकांच्या हातात होता.

त्यानंतर माझे रविवार कमी होत गेले. त्यांची छाती कापसाच्या भुकटीनं आधीच भरली होती. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, पेटी पुढे ठेवली. वस्तीतल्या बुद्धविहारात पेटी नव्हती, ही द्यायची त्यांच्या मनात होती. “पोरं म्हणतात बेसूर हाय. तुमी शिकलेले. बेसूर हाय का हो, सर?”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, “लावून आणतो.”

पॅसेंजरनं नागपूरला नेली. पेटी लावणाऱ्या म्हाताऱ्यानं ती उघडली आणि एकेक रीड बोटानं चाचपली. मग म्हणाला, “हे बिघडलेलं नाही. जाणून केलेलं दिसते. हात साफ होता माणसाचा. लावू का?”

मला वहिनींची सोय पाहायची होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. ती पेटी तशीच राहिली असती तर कधी तरी कुणा जाणकारानं ती ऐकली असती आणि विचारलं असतं, की हे तुम्हाला ठाऊक होतं तर तुम्ही गप्प का राहिलात.

“लावा,” मी म्हणालो.

दुपारभर मी समोर बसून होतो. एकेक लाट सरळ होत गेली. मोजून घ्यायला कागद खिशात होता, तोही काढला नाही.

विहारात आजही तीच पेटी आहे. कुणी नवं आलं की वहिनी सांगतात, ह्यांची पेटी बेसूर झाली होती, सरांनी लावून आणली. लोक मला जागा करून देतात.

मागे एकदा विहारात गेलो तेव्हा बुद्धवंदना संपल्यावर त्या जवळ येऊन बसल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, “सर, ह्यांच्या हाताखाली ती हालत होती. आता नाही हालत. काऊन?”

“जुनी झाली, वहिनी,” मी म्हणालो.