बाज वर आली, चोर अजून खाली

पहिला दगड दुर्बिणीला लागला. ढोलावर थाप पडावी तसा नळीतून आवाज आला आणि आतला आरसा फुटल्याचं माझ्या आधी काकांना कळलं. "आरसा," एवढंच ते म्हणाले. दुसरा दगड माझ्या खांद्यावर बसला. त्यानंतर दगड आले नाहीत, माणसंच आली.

काका माझे नात्यानं कुणी नाहीत. नगरला त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि आमचं आकाशनिरीक्षणाचं मंडळ त्या दुकानाच्या गच्चीवरच सुरू झालं. कर्जत तालुक्यातल्या माझ्या गावातून मी कॉलेजला नगरला आलो, तेव्हा फळ्यावरचं मला काही दिसत नव्हतं. घराण्यात कुणी चष्मा लावलेला नव्हता आणि कॉलेजही कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दिसत नाही म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. लहानपणी अंगणात आई आभाळातल्या सप्तर्षींकडे बोट करायची. "ती बग, म्हातारीची बाज. चार खुरं दिसली का? न् मागं तीन चोर, बाज पळवाया निगालेत." मी म्हणायचो, "व्हय, दिसली." मला काहीही दिसत नसे. आई खूश व्हायची म्हणून म्हणायचो.

काकांनी डोळे तपासले. उणे पाच. चष्मा तयार झाला त्या संध्याकाळी ते मला जिन्यानं गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "वर बघ." आभाळ इतकं टोकदार असतं हे मला अठराव्या वर्षी कळलं. मी रडलो. मग त्यांनी दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला आणि विचारलं, "शनीची कडी दिसली?" मी सवयीनं म्हणालो, "हो." शनी तेव्हा दुर्बिणीत नव्हताच. त्यांनी मुद्दाम नळी हलवून ठेवली होती. "हे बघ," ते म्हणाले, "इथे एकच नियम आहे. दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणायचं. असेल, वाटतं, बहुतेक, हे शब्द खाली दुकानात ठेवून यायचे."

पुढे मी पदवीधर झालो, ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागलो. जे काही मिळालं ते त्या गच्चीवरून मिळालं असं मी मानतो. काकांनी तो आठ इंची आरसा दुकानाच्या मागच्या खोलीत हातानं घासून केला होता. पावसाळाभर घासत. पावसाळ्यात आमच्या मंडळाला दुसरं काम नसतंच. थंडीत मृग आणि कृत्तिका, फेब्रुवारी संपता संपता सप्तर्षी, आणि मार्चच्या अमावास्येला रात्रभराचा मोठा कार्यक्रम, असं आमचं वर्ष असतं.

त्या मोठ्या कार्यक्रमासाठी जागा बघायला आम्ही तिघं गेलो होतो. काका, मी, आणि बँकेत नोकरीला असलेला आमचा एक मित्र. फेब्रुवारीची अमावास्या होती. माझ्याच तालुक्यातला माळ, एका बाजूला काढणीला आलेली ज्वारी, पलीकडे दहा-बारा घरांची वस्ती. जमिनीचा मालक पुण्यात राहतो, त्याची फोनवर परवानगी घेतली होती. दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेत मुलांना तारे दाखवायचे होते, म्हणून काकांनी माझ्याकडून तालीम करून घेतली.

"पुस्तकी बोलू नकोस," ते म्हणाले. "तुझी आई सांगायची तसं सांग."

सप्तर्षींचे चार तारे उगवले होते आणि मागचे तीन ईशान्येला झाडांआड होते. मी हिरवा लेझर वस्तीतल्या लिंबाच्या झाडाकडे धरला आणि मुलांना सांगावं तसं मोठ्यानं सुरू केलं.

"हे बगा, म्हातारी बाजंवर निजलीया. बाज आली वर. चोर आजून खालीच हायत, त्या लिंबामागं. तीन हायत. दमानं येत्याल. म्हातारीला बाजंसकट उचलून न्यायचीया त्यान्ला."

मित्र हसत म्हणाला, "आणि म्हातारी जागी झाली तर?"

"जागी हुती व्हय! लई म्हातारी हाय ती."

आम्ही तिघंही हसलो. काकांचं हसणं मला आजही ऐकू येतं, कारण त्यावरच पहिला दगड आला.

आम्हाला जे ठाऊक नव्हतं ते असं. त्याच आठवड्यात त्या वस्तीवर, त्याच लिंबाखाली, अंगणात बाजेवर झोपलेल्या एका म्हातारीला तोंडं बांधलेल्या तीन चोरांनी मारलं होतं. गळ्यातले मणी तोडून नेले, हात मोडला. तेव्हापासून वस्तीतली माणसं ज्वारीत दबा धरून राखण करत होती. त्यांनी माझी सगळी तालीम ऐकली होती.

"तीन! बरोब्बर तीन हायती!" कुणीतरी ओरडलं.

मित्र ज्वारीत घुसला आणि पळाला. तो पळाला म्हणून पोलिसांना फोन गेला, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्या कानाखाली अशी बसली की चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी बुटाखाली करकरला. माझा नंबर आता उणे सात आहे. चष्म्याशिवाय वीतभर अंतरापलीकडे मला माणूस म्हणजे एक हलता डाग असतो. ते डाग माझ्यावर चालून आले. पोटात लाथ, पाठीत काठी, केस धरून तोंड मातीत. मातीची चव मला लहानपणापासून ठाऊक होती, रक्ताबरोबरची नव्हती.

"आरं, मी हितलाच हाय! कर्जतचाच हाय!" मी ओरडत होतो.

"कंच्या गावचा?"

मी गाव सांगितलं.

"त्या गावचे तर पिढीजात चोर!" एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. हसत हसत मारलं.

काका पळाले नाहीत. ते दुर्बिणीवर ओणवे झाले होते, फुटका आरसा दोन्ही हातांनी धरून. "काच आहे, लागेल तुम्हाला," असं ते मारणाऱ्यांना सांगत होते. त्यांच्याकडे मी रांगत गेलो. त्याच वेळी माझ्या तोंडासमोरून एक हात गेला. हातात लोखंडी पाईप, मनगटात जाड कडं, त्यावर बॅटरीचा उजेड. पाईप खाली आला. काकांच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

आम्हाला ओढत वस्तीवर नेलं. मागून दोघांनी दुर्बीण ओढत आणली.

"दुर्बीण म्हनत्यात हिला. एवढी मोठी आस्ती व्हय? तोफ हाय ही."

"म्हातारीफुडं उभं करा. ती सांगंल."

लिंबाखाली बाज होती आणि बाजेवर ती म्हातारी बसली होती, हात प्लास्टरमध्ये. अंगणात पोचल्याबरोबर कुणीतरी खांबावरचा मोठा पांढरा दिवा लावला. चोरीनंतरच बसवलेला. तिचा थोरला मुलगा माझी मान धरून मला तिच्या इतक्या जवळ घेऊन गेला की तिच्या गालावरचा काळानिळा वळ मला दिसला. त्याचं तोंडही माझ्या तोंडाला लागून होतं. घामाचा आणि तंबाखूचा वास येत होता.

"आये, हेच का ते?"

"तोंडं बांदली हुती त्यांनी. मला काय दिसतंय?"

"नीट बग. तीनच हुते का न्हाई?"

"तीन हुते."

"हे बी तीनच. येक पळाला. हेच का?"

काका डोळ्यावर हात दाबून माझ्या पायाला लागून जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या कोपरावरून माझ्या पावलावर ऊन ओघळ पडत होता. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत होतो. आमचं सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

"असत्याल," ती म्हणाली.

थोरल्यानं माझ्या बरगडीत गुडघा घातला. आतून काटकी मोडल्यासारखं वाटलं. मी पडलो आणि पडूनच ओरडलो, "आजी, तारं हायत ती! म्हातारीची बाज! वर हाय, आभाळात! तुमी पोरांना दावली नसंल का कधी?"

म्हातारीच्या तोंडाचा डाग वर वळला. तिनं पाहिलं म्हणून एकेकानं पाहिलं. डोक्यावर पांढरा दिवा जळत होता. आभाळ नुसतं काळं, कोरं.

"कुटंय बाज? दाव की," एकजण म्हणाला.

"ह्या दिव्यानं दिसंना. दिवा बंद करा. आर्ध्या मिन्टात दिसंल."

"आं! दिवा बंद करा म्हनं! लई शाना हाय रं ह्यो!"

मग जे मारलं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं, कारण आता त्यांना राग नव्हता, खात्री होती. त्या भागात वीज दिवसातून कितीदा तरी जाते. मी मार खात होतो आणि वीज जाण्याची वाट बघत होतो. नेहमी जाणारी वीज त्या रात्री गेली नाही.

आम्ही जगलो ते गावच्या पोलीस पाटलामुळे. मोटारसायकलवरून लुंगीवरच आलेला माणूस. त्यानं चोर की साव हे विचारलंच नाही. "मेलं तर तीनशे दोन लागंल, समद्यान्ला," तो म्हणाला. "वकील करायला जमिनी इकाव्या लागत्याल. हाना मग, हाना." काठ्या खाली आल्या. त्यानं आम्हाला शाळेच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत दाराला पाठ लावून बसला. अधूनमधून दारावर दगड येत होते. त्यातला एक त्याला लागला आणि त्यानं जी शिवी दिली ती मला आशीर्वादासारखी वाटली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

काकांचा उजवा डोळा वाचला नाही. पुण्यापर्यंत नेलं, शस्त्रक्रिया झाली, पण बुबुळच फाटलं होतं. दुर्बिणीला ते नेहमी उजवा डोळा लावायचे. पट्टी सुटल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "कोण होता?"

मी म्हणालो, "शोधतील."

शोधले. वस्तीतली माणसं पकडली गेली आणि नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड ठरली. आत जाण्याआधी बँकेतला मित्र माझ्या कानात म्हणाला, "ज्यानं काकांना मारलं तो सुटता कामा नये. समजलं ना?"

समजलं होतं. मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले की तो पाईप खाली यायचा आणि मी तो त्या हातातून हिसकावून त्याच्याच तोंडावर घालायचो, पुन्हा पुन्हा, चेहऱ्याच्या जागी काही उरत नाही तोपर्यंत. चेहराच नव्हता त्याला.

रांगेत माणसं उभी होती. थोरल्या मुलावर मी लगेच हात ठेवला. त्याचं तोंड माझ्या तोंडाला लागलेलं होतं. ज्यानं कानाखाली मारली त्यालाही ओळखलं, तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता. मग पुढे सरकलो. अंगठ्या, कडी सगळं काढून घेतलेलं होतं, पण दोघांच्या मनगटांवर कड्याची फिकट खूण होती. गोल, पांढुरकी, उन्हानं न रापलेली. दोघं जवळजवळ उभे. दोघंही तरणे, दोघंही माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

"घाई नाही," नायब तहसीलदार म्हणाले.

मी पहिल्यासमोर उभा राहिलो. माझा हात उचलला गेला होता. मला तो हवाच होता, कुठलाही चालला असता. जिभेवर शब्द आला आणि तो मला ओळखीचा वाटला. लिंबाखाली, बाजेवर बसून, मोडका हात मांडीवर घेऊन उच्चारलेला शब्द. माझी बरगडी अजून दुखत होती.

"कडं पाहिलं होतं," मी म्हणालो. "तोंड दिसलं नाही."

बाहेर आलो तर त्या दोघांपैकी कुणाचा तरी नातेवाईक फाटकाशी माझ्या पायाजवळ थुंकला. "चोर ते चोरच."

मी थेट दुकानात गेलो आणि काकांना सगळं सांगितलं. ते काउंटरमागे उभे होते, डोळा तपासायच्या भिंगांची पेटी समोर उघडी. ऐकून झाल्यावर त्यांनी ती पेटी हाताच्या एका फटक्यानं भिरकावली. भिंगं फरशीवर फुटत, गडगडत सगळीकडे गेली.

"असेल म्हणायचं होतंस!" ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "नुसतं असेल! माझा डोळा गेला रे, माझा! तुला एक शब्द जड झाला?"

मी खाली बसून भिंगं वेचू लागलो. एका तुकड्यानं बोट कापलं. ते काउंटरच्या बाहेर आले, माझी कॉलर धरून मला उभं केलं आणि माझ्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला. हा नवा चष्माही त्यांनीच केला होता, एका डोळ्यानं. मला वाटलं, आता मारतील. मी हात वर केले नाहीत.

त्यांनी स्वतःचं मनगट माझ्या नाकासमोर धरलं.

"काय दिसतं?"

"घड्याळ. पट्टा तपकिरी. काचेवर चरे."

"आणि माझं तोंड?"

हातभर अंतरावर ते उभे होते. मी बघायचा प्रयत्न केला. मनापासून केला.

"दिसत नाही, काका."

ते तसेच उभे राहिले, माझा चष्मा हातात घेऊन. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. ते रडत होते का, हे मला सांगता येणार नाही.